जिभेखालची गोळी

दगडोबा खोटं बोलत होते, हे गोळ्यांचं पाकीट हातात घेताच मला कळलं. महिन्यापूर्वी मीच त्यांना वीस गोळ्या मोजून दिल्या होत्या. आता पाकिटात सात उरल्या होत्या, आणि हा भला माणूस माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगत होता, "म्या दोनच घेतल्या बाई. बिरोबाची आन."

विसातून दोन गेल्या तर अठरा उरतात. अंगणवाडीतल्या पोरालाही येतं हे गणित. पण साठीच्या माणसाला, तेही त्याच्या मेंढ्यांसमोर, त्याच्या बायकोसमोर, काय बोलायचं?

मी बोललेच.

मी शिवकन्या. शिरड शहापूर आणि जवळा बाजार यांच्या मधल्या एका गावच्या उपकेंद्रात काम करते. पाटीवर माझ्या हुद्द्याचं नाव हातभर लांब आहे, गावाला मी 'शिस्टर'. इथं येण्याआधी चार वर्षं परभणीला एका खाजगी दवाखान्यात हृदयाच्या पेशंटची सेवा केली. त्यामुळे छातीचं दुखणं मला कुणी शिकवायला नको, असं माझं मत होतं.

दगडोबांचं दुखणं अगदी पुस्तकातलं होतं. चढ चढताना, कोकरू खांद्यावर घेताना छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं आणि बसलं की पाच मिनिटांत थांबायचं. याला अंजायना म्हणतात. हृदयाला रक्त नेणारी नळी आतून चोंदलेली असते. बसल्या जागी पुरेल एवढं रक्त मिळतं, कष्ट केले की कमी पडतं आणि हृदय बोंबलायला लागतं. नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना रोजच्या तीन गोळ्या लिहून दिल्या होत्या. एक रक्त पातळ राहावं म्हणून, एक चरबीसाठी, एक नाडी धावू नये म्हणून. चौथी गोळी रोजची नव्हती. दुखलं तरच घ्यायची आणि तीही जिभेखाली.

या चौथ्या गोळीनं माझं डोकं उठवलं होतं. त्यांच्या मेंढ्या तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला एका शेतात बसवल्या होत्या. तूर निघालेल्या रानात मेंढ्या बसवायच्या, शेताला खत मिळतं. तिथं जाऊन, ढेकळावर बसून, मी तासभर शिकवलं होतं. "बाबा, दुखायला लागलं की आधी बसायचं. उभ्यानं गोळी घ्यायची नाही, चक्कर येऊन पडाल. गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. डोकं ठणकेल, ठणकू द्या. पाच मिनिटं थांबायचं. नाही थांबलं तर दुसरी. पुन्हा पाच मिनिटं, मग तिसरी. तिसरीनंही नाही थांबलं तर एकशे आठला फोन. आता तुम्ही सांगा."

"पाण्यासंगं गिळायची," दगडोबा म्हणाले.

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी ओरडले. द्वारकाबाई, त्यांची बायको, चहाची भगुली घेऊन बाजूला उभी होती. तिनं मुकाट्यानं माझ्यासमोर कप ठेवला आणि मेंढ्यांकडे गेली.

तर आता तेरा गोळ्या गायब होत्या. शिवाय बहुतेक गोळ्या दाबून काढलेल्या नव्हत्या. पाकिटाचे कोपरेच्या कोपरे लोकरीच्या कातरीनं सरळ कातरून नेलेले होते.

"कोणाला वाटल्या?" मी विचारलं. "मेंढक्यांना वाटल्या का? ही काय पिपरमिंट आहे?"

"म्या काहून वाटू? मला ठावच न्हाई कोन कातरलं."

"म्हणजे भुतानं कातरलं!"

द्वारकाबाई खाली वाकून एका कोकराच्या पायाला चिंधी बांधत होती. तिनं वर पाहिलं नाही. मला वाटलं, नवऱ्याचं खोटं उघडं पडलं म्हणून बिचारीला लाज वाटत असेल.

मी विचार केला. एक तर यांनी वाटल्या असतील, तो मूर्खपणा. पण वाटल्या नसतील, खरंच स्वतः खाल्ल्या असतील, तर महिन्यात तेरा गोळ्या म्हणजे दुखणं वाढत चाललंय, नळी बंद व्हायला आलीय. पुरुषांना दुखणं लपवायची खोड असते. मी जोखीम घेणार नव्हते. चिठ्ठी लिहिली, गाडी बोलावली आणि दगडोबांना जिल्ह्याला पाठवायचं ठरवलं.

ते जायला तयार नव्हते. "मेंढ्या कोन बघल?"

"तुम्ही मेल्यावर जो बघेल तो."

हे मी जोरात बोलले. मुलगा वैजनाथ सोबत निघाला. पाठचा भाऊ तातेराव म्हणाला, वहिनी अन् मी बघतो मेंढ्या. गाडी निघताना मी दगडोबांच्या बंडीच्या खिशात ते पाकीट स्वतःच्या हातानं कोंबलं आणि बटण लावलं. "वाटेत दुखलं तर लागेल. हे अंगावरून काढायचं नाही." द्वारकाबाई त्या खिशाकडे बघत होती. मला वाटलं, नवऱ्याची काळजी.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या डॉक्टरांचा फोन आला. "सिस्टर, तुमचा पेशंट ठणठणीत आहे. ईसीजीची पट्टी पहिल्यासारखीच आहे, काही बदल नाही. महिन्यात दोनदा दुखलं म्हणतो. आलाच आहे तर आणखी एक दिवस ठेवून घेतो."

"सर, तेरा गोळ्या गेल्यात."

"मग उंदरांनी खाल्ल्या असतील," ते हसून म्हणाले आणि फोन ठेवला.

मी दिवसभर धुमसत होते. सगळ्यांच्या हिताचं करायचं आणि वर आपलंच हसंही करून घ्यायचं, ही आमची नोकरी.

तिसऱ्या दिवशी दुपारी यशोदाबाईंचा फोन आला. यशोदाबाई म्हणजे आमच्या आशाताई, गावात घरोघर फिरणाऱ्या. एरवी फोनवर आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलतील. त्या दिवशी एकच वाक्य बोलल्या. "शिस्टर, दगडोबाची मालकीण मेंढवाड्यापाशी बसली, उठंनाच."

मी पिशवी घेऊन स्कूटी काढली.

द्वारकाबाई एका रिकाम्या गोणपाटावर बसली होती. पाय पसरलेले, पाठ खुंट्याला टेकलेली. माघातला गार वारा सुटला होता आणि तिच्या कपाळावरून घाम गळत होता. मेंढ्यांभोवती खुंट्यांवर रोवलेली जाळी अर्धी उपटलेली, अर्धी तशीच. दोन दिवस ती एकटीच जाळ्या उपटत होती आणि पुढच्या वावरात रोवत होती. तातेराव कडुलिंबाखाली उभा होता.

"काई न्हाई बाई," तो म्हणाला. "पित्त हाय तिला. सकाळपून उपाशी हाय. लिंबूपाणी देल्लं म्या."

मी खाली बसले, तिचा हात धरला. ती हळूच म्हणाली, "माय, ती गोळी हाय का तुमच्यापाशी? ह्यांची."

"कोणती गोळी?"

तिनं तोंड उघडलं, जीभ वर उचलली आणि खाली बोट लावून दाखवलं.

मी बघतच राहिले. तिनंच थांबत थांबत सांगितलं, "म्या बसले अगोदर. उभ्यानं घ्यायची न्हाई. पाच मिन्टानं दुसरी. तिसरीनं न्हाई थांबलं तर एकशे आठ." मग पदराची गाठ सोडली. आत पाकिटाचा चंदेरी तुकडा होता, कातरीनं सरळ कातरलेला, रिकामा. "राती सरली. पाकीट तर ह्यांच्या खिशात गेलं."

माझ्या हातानं गेलं होतं. बटण लावून.

पण ते आठवत बसायला वेळ नव्हता. आधी रक्तदाब बघितला. कमी असताना ही गोळी दिली तर माणूस आणखी खचतो. एकशे पन्नास होता. गोळी जिभेखाली ठेवली. ॲस्पिरिनच्या चार लहान गोळ्या चावून खायला दिल्या. घड्याळ लावलं. यशोदाबाईंना गाडीला फोन करायला सांगितलं. नाडी धरून बसले.

"किती दिवसांपासून दुखतंय मावशी?"

"तीन वरसं झाले असतीन."

"तीन वर्षं!" म्हणजे दगडोबांच्या आधीपासून.

"आधी चढाला दुखायचं. मंग ह्यांना गोळी भेटली. ह्यांना तकलीफ तशीच मला, बराबर तशीच. एक डाव घेऊन बघली तर थांबलं." तिनं माझ्याकडे बघितलं, चोरी पकडली गेल्यासारखं. "ह्यांच्याच ताटात जेवते मी रोज. ह्यांचं झालं की मंग मी. त्यात काई वाईट न्हाई वाटलं मला. गोळी बी तशीच."

आमच्याकडे अजून कितीतरी घरांत नवरा उठला की त्याच ताटात बायको बसते. उरलं ते तिचं. या बाईनं औषधही त्याच रीतीनं घेतलं होतं. नवऱ्याच्या ताटात उरलं ते जेवली आणि नवऱ्याच्या पाकिटात उरलं ते दुखणं थांबायला घेतलं. फरक एवढाच की जेवण उघड होतं आणि गोळी चोरून. आणि मी तिच्यासमोर त्या म्हाताऱ्याला लबाड ठरवत होते.

पाच मिनिटं झाली. दुखणं थांबलं नाही. पुन्हा रक्तदाब बघितला, दुसरी दिली.

तातेराव जवळ आला. "बाई, गाडी कशाला? दादा सांजला येऊन राहिला. तो आल्यावर ठरवू. बाईमानूस एकटी कुठं न्हेता?"

"मी आहे ना सोबत."

"अन् मेंढ्या? दुपार ढळली, जाळी तशीच पडली."

आता मात्र माझा ताबा सुटला. "परवा तुमचा एडका लंगडला तेव्हा कोणाला विचारलं होतं? अर्ध्या तासात टेम्पो करून जवळा बाजारला डॉक्टरकडे नेला. तेव्हा दादाची वाट नाही पाहिली! एडक्याला पित्त नाही झालं! ही बाई दोन दिवस तुमच्या जाळ्या रोवतेय, हिचा जीव जातोय आणि तुम्ही लिंबू पिळताय तिच्या तोंडात!"

"बाई, तोंड सांभाळून बोला."

"नाही सांभाळत. माझी बदली करायची तर करा अर्ज. पण ती जाळी उचला आधी, गाडीला वाट द्या."

त्यानं उचलली. रागानं उचलली, पण उचलली. तिसरी गोळी मी गाडी दिसायच्या आतच दिली होती. दुखणं हललं नाही.

ज्या दवाखान्यात तिला नेलं त्याचं नाव सांगत नाही. तिथं एक तरुण डॉक्टर मोबाईल बघत बसला होता. मी सगळं एका दमात सांगितलं. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम, तीन गोळ्यांनी न थांबलेलं दुखणं, दिलेली औषधं आणि त्यांच्या वेळा. त्यानं मान वर केली, साडीवरचं शेण पाहिलं आणि म्हणाला, "गॅस असेल. लेडीजमध्ये फार असतं. पित्ताचं इंजेक्शन द्या, बघू."

"सर, पट्टी काढायची ना?"

"लेडीज स्टाफ जेवायला गेलाय. ब्लाऊज काढायला लागतो. आल्यावर काढतील."

दुपारचे साडेतीन वाजले होते. मग मशिन स्वतः ओढत आणलं, पडदा लावला, द्वारकाबाईच्या ब्लाऊजची बटणं काढली. तिनं दोन्ही हात छातीवर घेतले. "मावशी, मीच आहे, दुसरं कोणी नाही," म्हटल्यावर हात काढले. तिच्या खांद्यावर जाळीच्या खुंट्यांचे ताजे वळ होते. वायरी लावल्या, कागद निघाला, आणि मला वाचायला कुणाची गरज नव्हती. रेषा खालून वर चढल्या होत्या. आता ही अंजायना राहिली नव्हती. नळी बंद होत होती आणि हृदयाचा एक भाग मरत होता, आम्ही तिथं उभे असताना.

मी तो कागद डॉक्टरच्या मोबाईलवर ठेवला. त्याच्या काचेवर.

त्याचा चेहरा उतरला. मग सगळं भराभर झालं. सलाईन, ऑक्सिजन, नांदेडला फोन, दुसरी गाडी. मी गाडीत बसताना त्यानं मला 'थँक यू सिस्टर' म्हटलं. मी उत्तर दिलं नाही. तसं उत्तर माझ्याकडं पुष्कळ होतं, पण पेशंट वाट बघत होता.

द्वारकाबाई वाचली. नांदेडला नळीत स्प्रिंग टाकली. पण हृदयाचा जो भाग मेला तो मेलाच. आता तिला चढ चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, मेंढ्यांमागं तर कधीच जायचं नाही. बारा वर्षांची होती तेव्हापासून ती मेंढ्यांमागं चालत होती.

त्यानंतरचा महिना मी ज्याला त्याला ही गोष्ट सांगत होते. बैठकीत सांगितली, यशोदाबाईंना रोज सांगितली, माझ्या आईला आखाडा बाळापूरला फोनवर सांगितली. तातेराव कसा लिंबू पिळत होता, तो डॉक्टर कसा गॅस म्हणाला. "बाईचं हृदय म्हणजे यांना पित्ताची पिशवी वाटते," असं मी म्हणायचे आणि ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या.

महिन्यानं तिची औषधं घेऊन घरी गेले. या वेळी पाकीट तिच्या नावाचं. मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, द्वारकाबाई. ती ओसरीवर बसली होती. दगडोबा जवळच बसून कातरीला धार लावत होते. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. मला वाटलं म्याच इसरलो असंन."

मग द्वारकाबाईला रोजच्या गोळ्या समजावल्या. नाडी साठच्या खाली असेल तर नाडीची ती एक गोळी घ्यायची नाही आणि मला फोन करायचा, नाडी मोजायची कशी, सगळं. दगडोबांपेक्षा चौपट लवकर शिकली. तिचं मनगट माझ्या हातात होतं, आणि माझ्या मनात महिनाभर साचलेलं बाहेर आलं.

"तीन वर्षं काढलीत मावशी अंगावर! ह्यांच्या गोळ्या घेऊन मी दर महिन्याला इथं येते. एकदा, फक्त एकदा मला सांगता आलं नसतं?"

दगडोबांचा हात कातरीवर थांबला.

"सांगितलं व्हतं की, माय," ती म्हणाली.

"कोणाला?"

"तुमालाच. दिवाळीच्या आंदी. लेकरांच्या सुयांचा दिस व्हता, लई गर्दी व्हती. म्या म्हनलं, शिस्टर, चालताना छाती भरून येती. तुमी म्हनल्या, मावशी, उपाशी राहता, पित्त झालं. चघळायच्या गोळ्या देल्त्या तुमी. गोड व्हत्या."

मला आठवेना. खरंच आठवेना.

"मग पुन्हा का नाही आलात?"

तिनं मनगट माझ्या हातातून सोडवलं नाही. उलट माझी समजूत घालावी तसं म्हणाली, "आले असते. पन तुमी ह्यांच्यावर किती वरडत व्हत्या. म्हनलं, आता गोळ्या म्या घेतल्या म्हनून सांगितलं तर माझ्यावर बी वरडतीन. मला वरडलेलं सोसत न्हाई."

उपकेंद्रात परत आले आणि बूट न काढता कपाट उघडलं. दिवाळीआधीची तपासणी नोंदवही काढली. लसीकरणाचा दिवस, त्रेसष्ट नावं. एकेचाळिसावं नाव द्वारकाबाई दगडोबा, वय छप्पन्न. त्रासाच्या रकान्यात 'छातीत जळजळ' लिहिलं होतं. जळजळ हा शब्द तिनं वापरलाच नव्हता, ती 'भरून येती' म्हणाली होती. पुढं निदान होतं पित्त. रक्तदाबाचा रकाना कोरा होता. खाली सही होती.

तातेरावानं तिला एकदा पित्त म्हटलं आणि त्या डॉक्टरानं एकदा. दोघांच्याही आधी मी म्हटलं होतं, आणि हृदय मरायला तेव्हा सुरुवातही झाली नव्हती.